सेंट अँड्र्यूजचे ‘ओल्ड कोर्स’ : समुद्रकाठच्या सार्वजनिक भूमीचा इतिहास आणि कीर्ती

प्रस्तावना

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यात सेंट अँड्र्यूज हे लहानसे नगर वसलेले आहे. पंधराव्या शतकाच्या प्रारंभी स्थापन झालेले विद्यापीठ, धर्मसुधारणेच्या काळात उद्ध्वस्त झालेले प्रार्थनामंदिर आणि समुद्रकाठचे ‘ओल्ड कोर्स’ हे गोल्फ मैदान या तीन गोष्टींसाठी ते जगात ओळखले जाते. यांपैकी तिसऱ्या गोष्टीची कीर्ती आज पहिल्या दोहोंपेक्षा अधिक दूरवर पोहोचली आहे. ‘गोल्फचे माहेरघर’ हे बिरुद या मैदानास सर्रास लावले जाते. त्याचे श्रेय सामान्यतः मैदानाच्या प्राचीनतेला, त्यावर झालेल्या थोर सामन्यांना आणि राजाश्रय लाभलेल्या क्लबला दिले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. भारतीय वाचकाच्या मनात गोल्फ म्हणजे उंच कुंपणाआडचा, सभासदत्वाच्या पाटीमागचा खेळ. परंतु ज्या मैदानावर त्याचे आजचे रूप सिद्ध झाले ते मैदान मुळात गावाचे गायरान होते आणि कायद्याने आजही सार्वजनिक आहे. प्रस्तुत लेखात ओल्ड कोर्सचा इतिहास या वहिवाटीच्या हक्काच्या अंगाने मांडला आहे.

‘लिंक्स’ म्हणजे कोणती भूमी?

‘लिंक्स’ हा शब्द आज कोणत्याही गोल्फ मैदानास सैलपणे लावला जातो. मूळ अर्थाने तो एका विशिष्ट भूरूपाचे नाव आहे. समुद्राची पुळण आणि आतील कसदार शेतजमीन यांच्यामध्ये पसरलेला, वाळूच्या उंचवट्यांचा व त्यावर गवत धरलेला पट्टा म्हणजे लिंक्स. शेवटच्या हिमयुगात स्कॉटलंडवर बर्फाचा प्रचंड थर होता. तो वितळल्यावर भाराखालून मोकळी झालेली भूमी हळूहळू वर उचलली गेली, समुद्र मागे हटला आणि उघड्या पडलेल्या वाळूचे वाऱ्याने ढीग रचले. पुढे त्यावर फेस्क्यूसारखे बारीक पात्यांचे, चिवट गवत रुजले. वाळूत पाणी ठरत नाही, म्हणून ऐन हिवाळ्यातही ही जमीन पायाखाली कोरडी व टणक राहते. मात्र याच गुणामुळे ती नांगरटीस निरुपयोगी ठरते.

या निरुपयोगीपणाचा पुढील इतिहासाशी निकटचा संबंध आहे. ज्या जमिनीत धान्य पिकत नाही तिच्यावर धनिकांची नजर उशिरा जाते. सेंट अँड्र्यूजच्या उत्तरेस ईडन नदीच्या मुखापर्यंत पसरलेल्या या पट्ट्यावर गावकऱ्यांनी शतकानुशतके मेंढ्या चारल्या, ससे पकडले, घरासाठी गवताची ढेपळे कापली आणि धुतलेले कपडे वाळत घातले. मेंढ्या व ससे गवत कुरतडून आखूड ठेवीत; चेंडू घरंगळण्यास याहून अनुकूल भूमी मिळणे कठीण. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी उंचवट्यांच्या कुशीत खळगे पाडले आणि त्यांतूनच आजचे वाळूचे ‘बंकर’ घडले, असा परंपरागत समज आहे. तो सर्वच बंकरांना लागू पडत नसला, तरी मैदान कोणा एका आराखडाकाराने कागदावर आखलेले नाही, हे त्यातून नीट ध्यानात येते.

सनद आणि वहिवाट

स्कॉटलंडमधील गोल्फचा सर्वात जुना लेखी उल्लेख बंदीच्या रूपाने येतो, ही गमतीची बाब होय. १४५७ मध्ये दुसऱ्या जेम्स राजाच्या संसदेने फुटबॉल व गोल्फ हे दोन्ही खेळ निषिद्ध ठरविले, कारण त्यांच्या नादाने तरुण धनुर्विद्येच्या सरावाकडे दुर्लक्ष करीत होते. १४७१ आणि १४९१ मध्ये बंदीचा पुनरुच्चार करावा लागला. यावरून ती कितपत पाळली गेली असेल याचा अंदाज येतो.

सेंट अँड्र्यूजच्या दृष्टीने महत्त्वाचा दस्तऐवज २५ जानेवारी १५५२ चा आहे. आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना लिंक्सवर ससे पाळावयाचे होते व त्यासाठी नगरवासीयांची संमती हवी होती. त्या निमित्ताने झालेल्या सनदेत लिंक्सवर गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी व अन्य करमणुकीचे खेळ खेळण्याचा, तसेच गुरे-मेंढ्या चारण्याचा नागरिकांचा हक्क मान्य करण्यात आला. या सनदेने हक्क नव्याने बहाल केला नाही; आधीपासून चालत आलेल्या वहिवाटीस लेखी मान्यता दिली. महाराष्ट्रातील गायरान, गावठाण किंवा पाणंद यांच्या वादांत ‘पूर्वापार वहिवाट’ हा शब्दप्रयोग जे काम करतो, तेच काम या सनदेने पुढील साडेचारशे वर्षे केले. हॅमिल्टन यांना धर्मसुधारणेनंतरच्या यादवीत १५७१ मध्ये फाशी देण्यात आले. सनद मात्र टिकली.

त्या काळी हा खेळ कोण खेळत असे, याची एक झलक जेम्स मेलव्हिल यांच्या रोजनिशीत मिळते. १५७४ च्या सुमारास विद्यापीठात शिकत असताना वडिलांनी आपल्याला धनुष्यबाण, गोल्फची काठी व चेंडू पुरविले, टेनिस आणि मद्यगृह यांसाठी मात्र पैसे दिले नाहीत, अशी नोंद त्यांनी केली आहे. काटकसरी पित्याला परवडणारी करमणूक म्हणजे गोल्फ! या खेळाच्या आजच्या प्रतिमेशी ही नोंद ताडून पाहण्याजोगी आहे.

खेळ आणि गृहस्थी यांचे सहअस्तित्व नियमांतही उमटले. एकोणिसाव्या शतकातील नियमांत, चेंडू वाळत घातलेल्या कपड्यांवर पडल्यास कपडे बाजूस ओढावेत व धुण्याचे टब आड आल्यास ते हलवावे, अशा आशयाची तरतूद होती. मैदानावर धुणे वाळत घालणाऱ्या स्त्रियांचा हक्क खेळाडूंच्या हक्काइतकाच जुना असल्याने त्यांना हाकलून देणे शक्यच नव्हते.

सशांचा लढा

अठराव्या शतकाच्या अखेरीस या हक्कावर मोठे संकट आले. १७९७ मध्ये नगरपरिषदेचे दिवाळे निघाले आणि कर्जाच्या ओझ्याखाली लिंक्सची जमीन हातची गेली. १७९९ पासून डेम्प्स्टर या व्यापारी पितापुत्रांनी तिथे व्यापारी तत्त्वावर ससेपालन सुरू केले. मांस व कातडे यांना भाव होता; पण सशांनी मैदान पोखरून काढले. बिळांनी चाळण झालेल्या जमिनीवर खेळणे अशक्य झाले. नागरिकांनी १५५२ च्या सनदेचा आधार घेतला. सुमारे वीस वर्षे हा संघर्ष न्यायालयात आणि प्रत्यक्ष मैदानावर, अशा दोन्ही आघाड्यांवर चालला. १८२१ मध्ये स्ट्रॅथटायरमचे जमीनदार व गोल्फप्रेमी जेम्स चीप यांनी ही जमीन विकत घेतली आणि सशांचा अंमल संपला.

चीप यांना ‘लिंक्सचे तारणहार’ म्हणण्याची प्रथा आहे. ती सर्वस्वी अनुचित नाही. तथापि गावाने वीस वर्षे हक्क सोडला नसता, तर तारण्यासारखे काही उरले असते काय, हा प्रश्न राहतोच. शिवाय या व्यवहाराने जमीन गावाकडे परत आली नाही. ती एका सज्जन खाजगी मालकाकडे गेली. मालकाच्या सौजन्यावर विसंबलेला हक्क किती नाजूक असतो, हे शतकाच्या अखेरीस पुन्हा उघड झाले. चीप कुटुंबाने जमीन विकण्याचे ठरविले, तेव्हा तिच्यावर ‘रॉयल अँड एन्शंट’ क्लब आणि नगरपरिषद या दोघांचाही डोळा होता. अखेर १८९४ मध्ये ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्याने लिंक्सची मालकी नगराकडे आली, तर ओल्ड कोर्सची देखभाल आणि शेजारी दुसरे मैदान उभारण्याची जबाबदारी क्लबने पत्करली. ते दुसरे मैदान १८९५ मध्ये खुले झाले व ‘न्यू कोर्स’ म्हणून ओळखले जाऊ लागले. नवे आले म्हणून मूळचे ‘ओल्ड’ झाले. तोवर त्याला अशा विशेषणाची गरजच नव्हती.

खेळासाठी शुल्क आकारण्याची प्रथाही आश्चर्य वाटावे इतकी अलीकडची आहे. बाहेरच्या खेळाडूंकडून १९१३ पासून शुल्क घेतले जाऊ लागले. स्थानिक रहिवासी १९४६ पर्यंत विनामूल्य खेळत. पुढे स्थानिक प्रशासनाच्या पुनर्रचनेत सेंट अँड्र्यूजची नगरपरिषदच बरखास्त होणार हे स्पष्ट झाले, तेव्हा १९७४ च्या संसदीय कायद्याने ‘सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट’ या विश्वस्त संस्थेची स्थापना झाली. सार्वजनिक उपयोगासाठी लिंक्सचे जतन करणे हे या संस्थेचे कायदेशीर कर्तव्य आहे. आज तिच्याकडे एकूण सात मैदानांची व्यवस्था असून ओल्ड कोर्स त्यांपैकी एक होय.

मैदानाची घडण

ओल्ड कोर्सचा आकार एखाद्या लांबट, टोकाशी वळलेल्या आकड्यासारखा आहे. खेळाडू गावापासून निघून नदीमुखाच्या दिशेने जातात आणि त्याच पट्ट्यातून परत गावात येतात. प्रारंभी जाताना व येताना तेच होल वापरले जात. अठराव्या शतकाच्या मध्यास एका फेरीत बावीस होल होत असत. १७६४ मध्ये पहिले चार होल फारच आखूड आहेत असे ठरवून त्यांचे दोन करण्यात आले. जाताना दोन व येताना दोन कमी झाल्याने संख्या अठरावर आली. जगभरच्या गोल्फ मैदानांवर आढळणाऱ्या अठरा या संख्येचे मूळ या स्थानिक सोयीत आहे. अन्यत्र वेगळ्या संख्या होत्या. एडिंबरोजवळच्या लीथ येथे, जिथे १७४४ मध्ये खेळाचे पहिले ज्ञात लेखी नियम तयार झाले, पाचच होल होते. १८६० मध्ये पहिली ‘ओपन’ स्पर्धा झालेल्या प्रेस्टविक येथे बारा होते.

एकोणिसाव्या शतकात खेळणाऱ्यांची गर्दी वाढली. तिचे एक कारण चेंडूत दडले आहे. तोवरचा चेंडू चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून बनवीत. कुशल कारागिराच्या हातून दिवसाकाठी तीन-चारच तयार होत व किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेर असे. १८४८ च्या सुमारास मलय प्रदेशातील वृक्षांच्या चिकापासून मिळणाऱ्या ‘गटापर्चा’ या पदार्थाचा चेंडू आला. सेंट अँड्र्यूजच्या एका पॅटर्सन कुटुंबाकडे पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली, तिच्याभोवती वेष्टन म्हणून घातलेल्या गटापर्चातून पहिला चेंडू वळला गेला, अशी आख्यायिका सांगितली जाते. तिची सत्यता सिद्ध करणे कठीण आहे. स्वस्त व टिकाऊ चेंडूने खेळ कारागीर व मजूर वर्गापर्यंत पुन्हा पोहोचविला, हे मात्र निर्विवाद आहे.

गर्दी वाढल्याने जाणारे व येणारे खेळाडू समोरासमोर येऊ लागले. त्यावर उपाय म्हणून पट्टा रुंद केला गेला आणि एकाच विस्तीर्ण हिरवळीवर दोन होल खणण्यात आले. आज मैदानावर अशा सात जोडहिरवळी आहेत. त्यांवरील दोन होलांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी अठरा येते : दुसरा व सोळावा, तिसरा व पंधरावा, याप्रमाणे. पहिला, नववा, सतरावा व अठरावा या चारच होलांना स्वतंत्र हिरवळ आहे.

यांपैकी पहिल्या होलची स्वतंत्र हिरवळ ओल्ड टॉम मॉरिस यांनी घडविली. विणकराचा हा मुलगा प्रथम चेंडू बनविणाऱ्या ॲलन रॉबर्टसन यांच्याकडे उमेदवारी करीत होता. नव्या चेंडूवरून उभयतांत वितुष्ट आले आणि मॉरिस प्रेस्टविकला गेले. १८६४ मध्ये ते वार्षिक ५० पौंड वेतनावर मैदानाचे राखणदार म्हणून परतले व १९०३ पर्यंत त्या पदावर राहिले. हिरवळीवर वाळू पसरून गवत दाट करण्याची त्यांची पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली. पहिल्या होलला वेगळी हिरवळ मिळाल्यामुळे मैदान घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने खेळणे शक्य झाले. काही काळ दोन्ही दिशा आलटून पालटून वापरल्या जात; आज दिसणारे काही बंकर विचित्र जागी का आहेत, याचे उत्तर त्या विरुद्ध दिशेत सापडते. रविवारी मैदानाला विश्रांती देण्याच्या परंपरेशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. मोठ्या स्पर्धांचा अपवाद वगळता रविवारी येथे खेळ होत नाही. गावकरी मुलाबाळांसह व कुत्र्यांसह हिरवळीवर फिरतात.

कीर्तीचा विस्तार

ओपन स्पर्धा सेंट अँड्र्यूजला प्रथम १८७३ मध्ये भरली. २०२२ मधील १५० वी ओपन ही येथील तिसावी होती. इतक्या वेळा ही स्पर्धा अन्य कोणत्याही मैदानावर झालेली नाही. पण केवळ संख्येने कीर्ती होत नाही. प्रथमदर्शनी हे मैदान निराशाच करते. १९४६ चे विजेते अमेरिकन खेळाडू सॅम स्नीड यांना आगगाडीच्या खिडकीतून ते एखादे टाकून दिलेले जुने मैदान वाटले होते. झाडे नाहीत, तळी नाहीत, उंचसखल हिरवळीवरून चेंडू कुठे वळेल याचा भरवसा नाही आणि ११२ बंकरांपैकी कित्येक चेंडू मारणाऱ्याला दिसतही नाहीत.

बॉबी जोन्स यांचे उदाहरण या संदर्भात सर्वाधिक बोलके आहे. १९२१ मध्ये एकोणीस वर्षांचे जोन्स अकराव्या होलच्या बंकरात अडकले व वैतागून स्पर्धेतून बाहेर पडले. १९२७ मध्ये त्यांनी येथेच ओपन जिंकली, १९३० मध्ये हौशी खेळाडूंचे ब्रिटिश विजेतेपदही येथेच मिळविले. १९५८ मध्ये नगराने त्यांना सन्माननीय नागरिकत्व बहाल केले. त्यांच्यापूर्वी हा मान मिळालेले अमेरिकन म्हणजे १७५९ मधील बेंजामिन फ्रँकलिन. वार्‍याचा, उताराचा व अडथळ्यांचा अभ्यास करून मार्ग निवडावा लागतो, एकच एक बिनचूक मार्ग नसतो, हा या मैदानाचा गुण जोन्स यांनी हेरला. १९२४ मध्ये याच मैदानाचा बारकाईने नकाशा काढणारे ॲलिस्टर मॅकेन्झी यांच्या साह्याने त्यांनी पुढे अमेरिकेत ऑगस्टा नॅशनल उभारले. ओल्ड कोर्सची तत्त्वे अशा रीतीने समुद्रापासून दूरच्या, अत्यंत खाजगी अशा क्लबात पोहोचली. हा विरोधाभास नोंदविण्यासारखा आहे.

सतराव्या ‘रोड होल’ने अनेकांचा घात केला. हिरवळीला बिलगून सार्वजनिक रस्ता जातो आणि तोही खेळाचा भाग मानला जातो. पुढ्यातील खोल बंकरात १९७८ मध्ये जपानच्या टॉमी नाकाजिमा यांना बाहेर पडता पडता त्या होलसाठी एकूण नऊ फटके लागले. याउलट २००० मध्ये टायगर वुड्स यांनी चारही फेऱ्यांत एकाही बंकरात चेंडू न घालविता आठ फटक्यांच्या आघाडीने ओपन जिंकली.

क्लब आणि मैदान यांतील गल्लत

पहिल्या होलमागे दिसणारी करड्या दगडाची भारदस्त इमारत ओल्ड कोर्सची मालक आहे, अशी सार्वत्रिक समजूत आढळते. वस्तुतः ती ‘रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लब’ची खाजगी इमारत आहे. १७५४ मध्ये बावीस उमराव व प्रतिष्ठितांनी स्थापन केलेल्या मंडळास १८३४ मध्ये चौथ्या विल्यम राजाचा आश्रय लाभून हे नाव मिळाले. १८९७ पासून नियमनिर्मितीचा अधिकार क्लबकडे आला. २००४ पासून ते काम ‘दि आर अँड ए’ या स्वतंत्र संस्थेकडे आहे. वसाहतींशीही क्लबचे नाते होते. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या गोल्फ क्लबची आठवण त्याच्या एका स्पर्धेतील ‘बॉम्बे मेडल’ या पदकाच्या नावात राहिली आहे.

मैदान सर्वांचे आणि क्लब निवडकांचा, ही दरी स्त्रियांच्या बाबतीत विशेष जाणवते. १८६७ मध्ये येथे स्त्रियांचा पुटिंग क्लब निघाला. स्त्रियांनी काठी खांद्याच्या वर उगारणे अशोभनीय, या तत्कालीन धारणेमुळे त्यांच्या वाट्याला लहान फटक्यांची, उंचवट्यांनी भरलेली एक हिरवळ आली. तिला ‘हिमालयाज’ असे नाव पडले व ती आज अल्प शुल्कात कोणासही खुली आहे. स्त्रियांची ब्रिटिश ओपन ओल्ड कोर्सवर प्रथम २००७ मध्ये झाली व मेक्सिकोच्या लोरेना ओचोआ यांनी ती जिंकली. क्लबने स्त्री-सभासदत्वाचा ठराव सप्टेंबर २०१४ मध्ये, ८५ टक्के मतांनी, म्हणजे स्थापनेनंतर २६० वर्षांनी संमत केला.

सार्वजनिकतेची आजची कसोटी

सार्वजनिक मैदान जगप्रसिद्ध झाले की त्यावर खेळण्याची इच्छा असणारे कोट्यवधी आणि दिवसाचे तास मोजकेच, असा पेच उभा राहतो. ओल्ड कोर्सवर त्याचे उत्तर सोडतीने शोधले आहे. खेळू इच्छिणाऱ्यांनी दोन दिवस आधी नावे द्यावयाची व चिठ्ठी निघेल त्याला वेळ मिळावयाची. स्थानिक रहिवाशांसाठी सवलतीची वार्षिक परवानगी व राखीव वेळा आहेत. तथापि आगाऊ वेळा पर्यटन व्यवसायाद्वारे चढ्या दराने विकण्याची पद्धतही सोडतीच्या बरोबरीने रूढ झाली असून, तिच्यावरून गावात वेळोवेळी नाराजी व्यक्त झाली आहे. उत्पन्नाशिवाय सात मैदाने राखता येत नाहीत, हे विश्वस्तांचे म्हणणे खोटे नाही; पण आपल्याच लिंक्सवर आपण पाहुणे ठरत आहोत, ही नागरिकांची भावना १७९९ च्या वादाची आठवण करून देते.

मैदानात बदल करण्याचा अधिकार कोणाचा, हाही तितकाच नाजूक प्रश्न आहे. २०१५ च्या ओपनपूर्वी, २०१२ च्या हिवाळ्यात काही बंकर हलविले गेले व हिरवळींचे उतार बदलले गेले, तेव्हा जगभरच्या मैदानरचनाकारांनी निषेध नोंदविला. आधुनिक काठ्यांनी चेंडू फार दूर जाऊ लागला म्हणून मैदान बदलावे, की चेंडूच आवरावा, असा तो वाद होता. बदल कायम राहिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये मात्र उलट घडले. अठराव्या होलवरील ओहळावर स्विल्कन ब्रिज नावाचा लहानसा दगडी पूल आहे. मेंढपाळांना जनावरे पलीकडे नेता यावीत म्हणून शेकडो वर्षांपूर्वी बांधलेला हा पूल आता छायाचित्रांसाठी थांबणाऱ्या पर्यटकांचे ठिकाण झाला असून त्याच्या तोंडाशी गवत टिकत नाही. ट्रस्टने तिथे दगडी फरसबंदी केली. तिची छायाचित्रे प्रसिद्ध होताच टीकेची झोड उठली आणि काही दिवसांतच दगड उखडून तिथे पुन्हा हिरवळ लावण्यात आली.